जुलाब, सलाईन आणि आपण न मागितलेलं ओआरएस

शेवंती

पाऊस लागला की आमच्या बालवाडीच्या पालकांच्या ग्रुपवर दर आठवड्याला हा प्रश्न येतो: "पिल्लाला पातळ होतंय, काय देऊ?" खाली भराभर उत्तरं पडतात. कुणी सिरपचं नाव देतं, कुणी आपल्या पोराला दिलेल्या अँटिबायोटिकचा फोटो टाकतं. ओआरएस (पाण्यात कालवून पाजायची साखर-क्षारांची पावडर) म्हणणारी एखादीच असते. तिला उत्तर मिळतं, "ते तर देतेच गं, पण औषध काय देऊ?"

या "पण औषध काय"वर धागा काढते आहे, कारण त्याच्याशी थेट जोडलेलं एक संशोधन फेब्रुवारी २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलं आणि आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही. कर्नाटक आणि बिहार या दोन राज्यांतल्या २५३ मध्यम आकाराच्या शहरांत, दोन हजारांहून जास्त खासगी दवाखान्यांत आणि औषधांच्या दुकानांत संशोधकांनी माणसं पाठवली. ही माणसं पालक असल्याचं सोंग घेऊन जात. घरी दोन वर्षांचं मूल आहे, त्याला जुलाब होतायत, असं सांगत. समोरच्याला ती खोटी आहेत हे माहीत नसे.

प्रश्न जुनाच होता. जुलाबात मूल दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, आणि ओआरएसनं ते भरून निघतं, हे प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहे. मग तो ते लिहून का देत नाही? आजवर तीन कारणं सांगितली जायची. दुकानात माल नसतो. ओआरएस स्वस्त, त्यात सुटतं काय? आणि तिसरं, लोकांनाच ते नको असतं.

संशोधकांनी तिन्ही कारणं वेगवेगळी करून तपासली. काही ठिकाणी सहा आठवडे पुरेल इतकं ओआरएस फुकट पोचवलं, म्हणजे माल नाही ही सबब उरली नाही. काही 'पालकांनी' औषध दुसरीकडून घेणार असल्याचं आधीच सांगितलं, म्हणजे विक्रीतला फायदा बाजूला झाला. आणि काहींनी मोबाइलवर ओआरएसच्या पाकिटाचा फोटो दाखवून विचारलं, "मागच्या वेळी हे दिलं होतं, तेच देऊ का?"

निकाल वाचून मी बराच वेळ विचार करत होते. ओआरएस न लिहिण्यामागे मालाच्या टंचाईचा वाटा निघाला ६ टक्के, पैशाच्या फायद्याचा ५ टक्के, आणि 'पेशंटला हे नको असेल' या डॉक्टरच्या समजुतीचा ४२ टक्के. नुसतं पाकीट दाखवून विचारलं तर ओआरएस देण्याचं प्रमाण २७ टक्के-बिंदूंनी वाढलं, म्हणजे शंभरातल्या आणखी २७ ठिकाणी ते मिळालं. घरोघरी पालकांना विचारलं तेव्हा ओआरएस हवं म्हणणारे डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघाले.

म्हणजे डॉक्टर आपल्या मनातलं ओळखायला बघतो आणि चुकीचं ओळखतो. आपण समजतो, त्यानं लिहिलं नाही म्हणजे त्याची गरज नसेल. दोघंही गप्प, आणि मधल्या मधे पोराला नको ती अँटिबायोटिकं. लहान मुलांचे बरेचसे जुलाब विषाणूमुळे होतात, त्यांवर अँटिबायोटिकचा उपयोग शून्य.

माझं म्हणणं इतकंच आहे: दवाखान्यात आपण तोंड उघडून ओआरएस मागावं. तुमच्याकडे काय चालतं ते लिहा.

---

केमिस्टकाका

सांगली भागात औषधांचं दुकान चालवण्यात जन्म गेला, आता मुलगा बघतो. शेवंतीताई, तुम्ही लिहिलंत ते काउंटरवर रोज दिसतं. माणूस येतो आणि म्हणतो, "जुलाबावर गोळी द्या." ओआरएस पुढे केलं तर चेहरा पडतो. त्याला वाटतं, साखर-मिठाच्या पाण्यावर बोळवण करतायत. गोळी दिली की समाधानानं जातो. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, ती मी मुद्दाम सांगतो, कारण ती आमच्या धंद्याची आहे. फायदा बाजूला केल्यावर दवाखान्यांत फारसा फरक पडला नाही, पण औषधांच्या दुकानांत ओआरएस देण्याचं प्रमाण वाढलं. तेव्हा आम्ही अगदीच धुतल्या तांदळासारखे नाही. दुकानदाराला विचारताना "काहीतरी द्या" म्हणू नका, काय हवं ते नाव घेऊन मागा.

आणि मागताना 'ओआरएस पावडर, डब्ल्यूएचओ फॉर्म्युला' असं मागा. डब्ल्यूएचओ म्हणजे जागतिक आरोग्य संघटना. नुसतं ओआरएस म्हटलं तर गेली कित्येक वर्षं शेल्फवरून कागदी खोक्यातलं तयार गोड पेय हातात पडायचं.

---

आडवाट

मला या धाग्याचा सूर पटलेला नाही. संशोधन पटलं, निष्कर्ष नाही. डॉक्टरनं साडेपाच वर्षं शिकून, फी घेऊन, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून औषध ठरवायचं, आणि जबाबदारी मात्र रात्रभर जागलेल्या आईवर टाकायची, की तू नीट मागितलं नाहीस? जिला लिहिता-वाचता येत नाही तिनं काय करायचं? ग्राहकानं जागरूक असावं हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक ठिकाणी वापरलं जातं आणि ज्यांचं काम आहे ते सुटतात.

---

शेवंती

@आडवाट, जबाबदारी डॉक्टरचीच, यात दुमत नाही. ४२ टक्के म्हणजे निम्म्याहून कमी, बाकीचा भाग त्यांच्या सवयीत आणि ज्ञानात शोधावा लागेल हेही खरं. पण डॉक्टरांची सवय बदलायला वर्षं जातील. आज रात्री ज्या घरात मूल आजारी आहे तिथं एका प्रश्नानं फरक पडत असेल, तर तो प्रश्न सगळ्यांना माहीत हवा. लिहिता-वाचता येण्याची अटही नाही. रिकामं पाकीट जपून ठेवून दाखवलं तरी चालतं, त्या अभ्यासात फोटोच तर दाखवला होता.

---

बालवैद्य

मी बालरोगतज्ज्ञ, जिल्ह्याच्या गावात प्रॅक्टिस. वरची चर्चा आमच्या बाजूनं कशी दिसते ते लिहितो.

संध्याकाळची ओपीडी भरलेली असते. जुलाबाचं मूल येतं, तपासून पाण्याची कमतरता फार नाही असं दिसतं. आता ओआरएस कसं कालवायचं, किती आणि कधी पाजायचं हे समजावून सांगायला वेळ लागतो. चिठ्ठीवर सिरप लिहायला लागत नाही. शिवाय कित्येक आजोबा स्पष्ट म्हणतात, "डॉक्टर, सलाईन लावून टाका ना, पैशाचं बघू नका." नाही म्हटलं तर ते पुढच्या दवाखान्यात जाऊन लावून घेतात. ही भीती खरी असते. पण ती भीती हे न लिहिण्याचं समर्थन होऊ शकत नाही, आडवाट यांचं बरोबर आहे.

सलाईनचं एवढं आकर्षण आहे म्हणून एक इतिहास सांगतो. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत कॉलरा पसरला. बनगावच्या रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस होते. माणसं जमिनीवर ओळीनं पडलेली, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलेलं, ते लावणारे हातही अपुरे. महालनबीसांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पाकिटं करवली, पिंपात पाणी कालवलं आणि ते पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवरच सोपवलं. त्याला 'ओरल सलाईन' म्हटलं गेलं, तोंडानं घ्यायचं सलाईन. छावणीतलं कॉलऱ्याच्या रुग्णांच्या मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आलं. हा प्रयोगशाळेतला आकडा नाही. आया, भाऊ, शेजारी यांनी चिखलात बसून पाजलेल्या पाण्याचा आकडा आहे. १९७८ मध्ये 'लॅन्सेट'नं लिहिलं की हा शतकातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल. महालनबीस २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गेले, २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आमच्या पिढीच्या डॉक्टरांनासुद्धा त्यांचं नाव उशिरा कळलं याचं वाईट वाटतं.

हे काम कसं करतं? जुलाबात आतड्याच्या अस्तराची मीठ शोषून घेण्याची इतर यंत्रणा बिघडते, पण ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत घेणारी यंत्रणा बहुतेक वेळा शाबूत राहते. सोडियम आत गेलं की मागोमाग पाणी जातं. म्हणून प्रमाणाला महत्त्व. सध्याच्या ओआरएसमध्ये एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. साखर याच्या कित्येक पट झाली तर उलटं होतं: ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. म्हणूनच केमिस्टकाकांनी सांगितलेली गोड पेयं आजारी मुलाला घातक.

झिंकचंही लिहितो, ते कोणीच मागत नाही. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, असं १४ दिवस. जुलाब थांबले तरी पूर्ण करायचं.

---

पाडापाडा

मी नंदुरबारकडे आशा सेविका आहे, गावपातळीवर आरोग्याचं काम करते. फोनवरून लिहिते, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे पावसाळ्यात घरोघरी जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसचीच, पाकिटं वाटतो. पाच वर्षांखालचं मूल असलेल्या प्रत्येक घरात जातो. बाई पाकीट घेते, पत्र्याच्या डब्यात ठेवते. पण पोराला ढाळ लागली की डबा उघडत नाही, सासू म्हणते सुई मारून आणा. पाकीट फुकट मिळालं म्हणून त्यात दम नाही असं वाटतं. मग मी नुसतं देत नाही. तिथंच पाणी मागते, तिच्याच हातानं कालवायला लावते, सगळ्यांना एकेक घोट चाखवते. मी सांगते, चव आसवांसारखी लागली पाहिजे, त्याहून खारट नको. एकदा तिनं स्वतः केलं की ती विसरत नाही.

सगळ्यात मोठा गोंधळ मापाचा. मोठं पाकीट एक लिटरचं असतं. घरात लिटर कुणाकडे? तांब्या किती, गडवा किती, कोणालाच सांगता येत नाही. म्हणून विकतच्या पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली प्रत्येक पाड्यावर दोन-तीन घरांत ठेवायला लावली आहे. स्वच्छ धुवायची, पिण्याचं पाणी भरायचं, सगळं पाकीट एकदम टाकायचं. अर्धं पाकीट ग्लासात टाकणाऱ्या फार आहेत. ते खारट होतं, पोर ओकतं, आणि मग म्हणतात जलसंजीवनी पचत नाही.

---

मांडवीकाठ

पाडापाडा ताई, तुमचा प्रतिसाद शेवंतीताईंनी मूळ लेखात वर घ्यावा इतका मोलाचा आहे.

आमच्या गोव्यात जुलाब झाले की घरात पहिली पेज येते. उकड्या तांदळाची, पातळ, मीठ घालून. आई तीच द्यायची. ती चालते का, की तेही आता चूक?

---

बालवैद्य

चालते, उत्तम चालते. मीठ घातलेली पेज, ताक, वरणाचं पाणी, शहाळं, हे सगळं पाण्याची कमतरता होऊ नये म्हणून पहिल्या जुलाबापासून द्यावं. डोळे खोल गेले, तोंड सुकलं, लघवी कमी झाली असं दिसायला लागलं की मोजलेलं ओआरएसच हवं. ते मिळेपर्यंत घरचं करायचं झालं तर एक लिटर पाण्याला सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. छोटा म्हणजे चहाचा, ५ मिलिलिटरचा. शीग नको.

आणि कृपा करून उपाशी ठेवू नका. "पोटाला आराम द्या" हा सल्ला लहान मुलाला देऊ नये. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, मोठ्या मुलाला मऊ भात, मुगाची खिचडी, केळं, दही. आधीच बारीक असलेलं मूल दोन दिवस उपाशी राहिलं तर त्याला सावरायला महिना जातो.

---

हिशेबी

केमिस्टकाका, त्या खोक्यातल्या पेयांवर बंदी आली असं वाचलं होतं. नक्की काय झालं?

---

केमिस्टकाका

सांगतो, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असायला हवी. काही कंपन्या आपल्या पेयाच्या नावातच ओआरएस ही अक्षरं पुढे-मागे काहीतरी जोडून वापरत. आत साखरेचं पाणी, फळाचा स्वाद. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, २०२२ च्या जुलैमध्ये आणि २०२४ च्या फेब्रुवारीत याला सवलत दिली होती. अट एवढीच, की 'हे डब्ल्यूएचओनं शिफारस केलेलं ओआरएस नाही' असं पाकिटावर छापायचं. नाव मोठ्या अक्षरांत, हे वाक्य बारीक. रात्री दहाला धावत आलेला बाप ते वाचणार कधी?

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष याविरुद्ध आठ वर्षं लढल्या. पत्रं, व्हिडिओ, न्यायालय, सगळं केलं. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ ला प्राधिकरणानं ती सवलत काढून घेतली. आता कुठल्याही खाद्यपेयाच्या नावात ओआरएस हा शब्द वापरता येत नाही, पुढे-मागे काही जोडूनसुद्धा नाही. एकट्या डॉक्टर बाईनं हे करून दाखवलं याचा मला फार अभिमान वाटतो.

तरी डोळे उघडे ठेवा. नाव बदललं तरी रंग, खोकं, फळाचं चित्र तेच राहू शकतं, आणि ठेवलेलं असतं औषधांच्या दुकानातच. औषधांच्या दुकानात आहे म्हणजे औषध आहे, असं नसतं.

---

ब्रिस्टलकर

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक भर. इथं ब्रिटनमध्ये डायोरालाइटची पाकिटं मिळतात, ती २०० मिलिलिटर पाण्यात कालवायची असतात. भारतातून आणलेलं मोठं पाकीट एक लिटरचं. आई-बाबा इकडे आले की दोन्ही पाकिटं एकाच कपाटात असतात, आणि गडबडीत मापं उलटी होऊ शकतात. भारतातही आता २०० मिलिलिटरची छोटी पाकिटं आहेत, तेव्हा दर वेळी पाकिटावरचं पाणी किती ते वाचावं.

आईला मधुमेह आहे, तिला ओआरएस द्यावं का?

---

बालवैद्य

मोठ्यांचा डॉक्टर मी नाही, पण जुलाबानं पाणी कमी झालं असेल तर मधुमेहींनाही ओआरएस देतात, कारण पाणी कमी होणं जास्त धोक्याचं. रक्तातली साखर तपासत राहायची आणि त्यांच्या डॉक्टरांना लगेच फोन करायचा. मूत्रपिंडाचा, हृदयाचा आजार असेल किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय देऊ नका. आणि तब्येत ठणठणीत असताना थकवा घालवायचं रोजचं सरबत म्हणून कोणीच पिऊ नये. त्यात मीठ आहे.

---

आडवाट

पाडापाडा यांचं वाचून माझा विरोध थोडा मावळला. पण एक आकडा इथं हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, जुलाब झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी जवळपास ६१ टक्क्यांना ओआरएस मिळालं होतं. आधीच्या फेरीत ५१ होतं. म्हणजे सुधारणा आहे, पण १९७१ पासून पन्नास वर्षं झाली तरी दहातल्या चार मुलांना एवढी साधी गोष्ट मिळत नाही. मागणारी आई हवीच. पण प्रत्येक दवाखान्याच्या टेबलावर ओआरएसचं पाकीट समोर ठेवलेलं असावं, म्हणजे विषय काढायला आईला धीर येईल. आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेला मी हे लिहून देणार आहे.

---

शेवंती

@आडवाट, पत्राचा मसुदा इथं टाका, आम्हीही आपापल्या गावी देऊ. बालवाडीच्या ग्रुपसाठी पाडापाडा ताईंचा बाटलीचा उपाय आणि बालवैद्यांचे आकडे एकत्र करून मी आज पाठवते आहे.

---

नवीआई

पहिल्यांदाच लिहितेय. बाळ दीड वर्षाचं आहे, कालपासून पातळ होतंय, तीन-चार वेळा झालं, खेळतंय. ओआरएस आणलं पण दोन घोट घेऊन ओकून टाकतं. किती पाजू? उरलेलं रात्री चालेल का?

---

बालवैद्य

ओकलं तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्यानं, एक-दोन मिनिटांनी एकेक चमचा. बाटलीनं किंवा पेल्यानं गटागट नको, त्यामुळेच ओकतं. दोन वर्षांखाली प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर पोटात जायला हवं. अंगावर पीत असेल तर मधे मधे पाजत राहा. कालवलेलं झाकून ठेवा, २४ तास चालतं, मग फेकून नवं करा. गरम करू नका, दुधात किंवा रसात कालवू नका.

शीत रक्त दिसलं, बाळ मलूल झालं, पिणंच सोडलं, सतत ओकायला लागलं, सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू सरळ झाली, तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या.

---

पाडापाडा

नवीआई, वाटी-चमचा घेऊन मांडीवर बसवा आणि मोठ्या भावंडाला समोर खेळायला लावा, तोंड आपोआप उघडतं. झिंकची गोळी चमचाभर पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात विरघळते. अंगणवाडीच्या ताईकडे किंवा आरोग्य उपकेंद्रात ओआरएस आणि झिंक दोन्ही फुकट मिळतात, उद्या जाऊन मागून घ्या.